मालिका संपल्यावरचे ते तीन सेकंद : अमेरिकन निर्मितीसंस्थांचे शेवटचे लोगो

उत्तररात्र (धागाकर्ता)
अमेरिकन मालिका संपते, नावं भराभर सरकतात आणि अगदी शेपटाला निर्मितीसंस्थेचा लोगो येतो. दोन-तीन सेकंद, फार तर पाच. तोवर अर्धं घर उठून गेलेलं असतं. तरीही या तुकड्यावर लोकांनी किती डोकं चालवलंय!

सगळ्यात नावाजलेलं जुनं उदाहरण म्हणजे जॅक वेबची 'मार्क सेव्हन लिमिटेड'. पन्नासच्या दशकातल्या 'ड्रॅगनेट' या पोलिसमालिकेचा निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तोच. शेवटी पडद्यावर फक्त दोन हात दिसतात. एका हातात ठसा, दुसऱ्यात हातोडा. टण्, टण्. हात बाजूला होतात आणि रोमन सात उमटलेला दिसतो. बस्स. मालिकेचा कोरडा, कामाशी काम असलेला स्वभाव त्या दोन घावांत आलाय.

पुढे मांजरं आली, कुत्रा आला, टाइपरायटर आला, 'ग्रर्र' करणारं कागदी भूत आलं. प्रश्न असा की कोणी बघतच नाही अशा जागी ही हौस कशासाठी? माझ्या मते ही निर्मात्याची सही आहे. तुमच्या लक्षात राहिलेले लोगो सांगा, मत पटत नसेल तर तेही सांगा. फक्त शेवटचे लोगो हं. सुरुवातीचे सिंह-बिंह नकोत.

पाटपाणी
पहिला!
'आय मेड धिस!' बाकी काही लिहायची गरज नाही.

कोकणी मिरची
@पाटपाणी, अगदी अगदी. 'एक्स फाइल्स'चा तो अंधार, ती शिट्टी, आणि मग एका लहान मुलाचा खुशीतला आवाज. आधीचा पाऊण तास काय बघितलं ते विसरायला लावणारा. क्रिस कार्टरची 'टेन थर्टीन प्रॉडक्शन्स'. त्याचा वाढदिवस 13 ऑक्टोबरचा, म्हणून हे नाव. आवाज मालिकेच्याच ध्वनिसंकलकाच्या मुलाचा आहे. स्टारवर मालिका लागायची तेव्हा आम्ही भावंडं भाजी नको असली की ताट पुढे ढकलून आईला हेच ऐकवायचो, उलट अर्थाने.

शेंगदाणा
आमच्याकडे नावं सुरू झाली की बाबा मेन स्विचच बंद करायचे. वीज वाचते म्हणे. त्यामुळे या विषयात माझी पाटी कोरी आहे. वाचतोय.

एडिसनकर
मांजराचा उल्लेख केलात तर पुरतं सांगतो. न्यू जर्सीत आलो तेव्हा दुपारी जुन्या मालिकांचे पुनःप्रसारण बघणं हाच माझा इंग्रजीचा क्लास होता.

मेरी टायलर मूर आणि तिचा तेव्हाचा नवरा ग्रँट टिंकर यांनी 1969 मध्ये 'एमटीएम एंटरप्रायझेस' काढली. एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओच्या गोल चौकटीतल्या सिंहाची थट्टा म्हणून तशाच चौकटीत एक नारिंगी मांजराचं पिल्लू ठेवलं. नाव मिम्सी. डरकाळीच्या जागी एक म्याँव.

गंमत पुढे आहे. कंपनीने विनोदी मालिकांवरून गंभीर मालिकांकडे मोर्चा वळवला आणि मालिकेगणिक मांजर वेश बदलायला लागलं. 'हिल स्ट्रीट ब्लूज'ला पोलिसाची टोपी. 'रेमिंग्टन स्टील'ला शेरलॉक होम्सची टोपी आणि पाइप. 'सेंट एल्सव्हेअर' रुग्णालयातली, तर तिथे शस्त्रक्रियेचा हिरवा वेश आणि तोंडाला मास्क. 'न्यूहार्ट'मध्ये खुद्द बॉब न्यूहार्ट त्याच्या त्या थंड आवाजात 'म्याव' म्हणतो.

आणि 1988 मध्ये 'सेंट एल्सव्हेअर'चा शेवटचा भाग लागला. त्यात आधीच प्रेक्षकांच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती (सांगत नाही, बघा). वर नावं सरकत असताना मिम्सी नळ्या लावून आडवी पडलेली, बाजूला हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र. नावं संपता संपता ती रेघ सपाट होते. विनोदी मांजर मारून टाकलं! सहा वर्षं चाललेल्या मालिकेचा निरोप घ्यायला त्यांना याच जागेचा उपयोग सुचला.

पाटपाणी
@एडिसनकर, सांगत नाही म्हणून मांजर मेल्याचं सांगून टाकलंत. :)

एडिसनकर
1988 ची मालिका आहे हो! यालाही स्पॉइलरची पाटी लावायची?

मधली सुट्टी
कुत्र्यावर मी बोलणार. 'फॅमिली टाइज'चा निर्माता गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग. 'युबू प्रॉडक्शन्स'. एक स्थिर फोटो, काळा लॅब्रॅडोर, तोंडात फ्रिस्बी. मागून गोल्डबर्गचाच आवाज: 'सिट, युबू, सिट! गुड डॉग.' मग एक 'वूफ'.

फोटो पॅरिसच्या त्युइलरी बागेतला आहे, लूव्हरच्या जवळ. गोल्डबर्ग आणि त्याची सहचरी खिसा रिकामा असताना या कुत्र्याला घेऊन युरोपभर भटकत होते, तेव्हाचा. मालिका सुरू झाली 1982 मध्ये, कुत्रा गेला 1984 मध्ये, पण लोगोत तो पुढे कित्येक वर्षं दर आठवड्याला बसत राहिला. लेखकाने आपल्या आठवणींच्या पुस्तकालाही हेच वाक्य शीर्षक म्हणून दिलं. नायक मायकल जे. फॉक्स मोठा स्टार झाला, पण अमेरिकेत माझ्या वयाच्या कोणालाही 'सिट, युबू' म्हणून बघा, पुढचं वाक्य तो पूर्ण करतो.

सिंहगडकर
विरोधी सूर लावतो. उगाच भावनिक होताय सगळे. 'सही' वगैरे काही नाही. टीव्हीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला श्रेय देणं संघटनांशी केलेल्या करारात असतं, मालकी कोणाची ते लिहिणं कंपनीच्या फायद्याचं असतं. जागा भरायचीच होती, भरली. त्यात एखाद्याने कुत्रा टाकला, एखाद्याने मांजर. नव्वद टक्के लोगो म्हणजे निळ्या पडद्यावर पांढरं नाव. ते आठवत नाहीत म्हणून कोणी त्यांच्यावर धागा काढत नाही एवढंच.

उत्तररात्र
@सिंहगडकर, मुद्दा रास्त आहे. पण जागा भरायचीच होती तर सगळ्यांनीच निळा पडदा का नाही लावला?

सिंहगडकर
कारण अमेरिकन लोकांना कुत्र्यांचं वेड आहे.

वाचनमात्र
बरीच वर्षं फक्त वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. या लोगोंना मुलं *घाबरायची*, हे कोणी लिहिलंच नाही.

'स्क्रीन जेम्स' ही कोलंबिया पिक्चर्सची टीव्ही शाखा. 'बिविच्ड', 'आय ड्रीम ऑफ जिनी', 'द मंकीज', सगळ्या हसऱ्याखेळत्या मालिका. 1965 मध्ये त्यांनी नवीन लोगो आणला. पिवळ्या पार्श्वभूमीवर दोन लाल पट्टे येतात, मधल्या लाल ठिपक्याभोवती वळतात, एस तयार होतो. चित्र अगदी निरुपद्रवी. पण त्याचं संगीत! सिंथेसायझरवरचे मोजके चिरके सूर, शेवटचा लोंबकळत राहणारा. एरिक सिडे यांनी केलेलं. हे गृहस्थ मुळात व्हायोलिनवादक, इंग्लंडहून अमेरिकेत आलेले, आणि सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक. मॅक्सवेल हाउस कॉफीच्या जाहिरातीतली ती किटलीची 'टुकटुक' यांचीच.

चाहत्यांनी त्या लोगोचं नाव ठेवलं 'एस फ्रॉम हेल', नरकातला एस. रॉडनी ॲशरने 2010 मध्ये त्याच नावाचा एक लघु माहितीपट केला. चांगली मोठी झालेली माणसं सांगतायत, आम्ही लहानपणी या आवाजाने खोलीतून पळून जायचो. सनडान्समध्ये दाखवला गेला तो.

त्याचं भावंड म्हणजे मालिका विकणाऱ्या वायकॉम कंपनीचं 'व्ही ऑफ डूम'. 1976 चं. व्ही हे अक्षर पडद्याच्या खोलातून थेट अंगावर येत राहतं, थांबतच नाही, सोबत ढोलासारखे दणके.

शेंगदाणा
@वाचनमात्र, बरीच वर्षं वाचून पहिला प्रतिसाद एवढा मोठा? साठवून ठेवला होतात काय? हलकेच घ्या. मस्त लिहिलंय.

कोकणी मिरची
पण भीती कशाची वाटावी यात? खरंच समजत नाहीये. भूत नाही, रक्त नाही.

वाचनमात्र
मला वाटतं तीन गोष्टी एकत्र येतात. एक, आधी ओळखीची माणसं आणि खोटं का होईना हसणं असतं, आणि एका क्षणात माणूसच नाहीसा होतो. दोन, साठ-सत्तरच्या दशकात घराघरात सिंथेसायझरचा आवाज कानावर पडायचा नाही. पेटी, सतार, गिटार ऐकून कोण काय वाजवतंय ते समजतं. हा आवाज *कशातून* येतोय तेच कळत नाही. आणि तीन, वस्तू प्रेक्षकाच्या दिशेने येते. तीन वर्षांच्या मुलाला पडदा म्हणजे काय हे कुठे ठाऊक असतं?

पीबीएस या तिकडच्या सार्वजनिक वाहिनीचा 1971 चा लोगो पाहा. पी या अक्षरात माणसाचा चेहरा, हर्ब लुबालिनचं काम. रेखाटन म्हणून उत्तमच आहे. पण काळ्या पडद्यावर अक्षरं एकेक करून येतात, सोबत इलेक्ट्रॉनिक सूर, आणि शेवटी चेहरा. 'सेसमी स्ट्रीट' बघून खुशीत असलेली पोरं रडायला लागायची.

यूमॅटिक
अंधेरीत संकलनाच्या खोलीत आयुष्य गेलं, म्हणून तांत्रिक भर घालतो.

सत्तरच्या दशकातली ती चमकणारी, लवलवणारी, पडद्यातून झेपावणारी अक्षरं पाहून लोकांना वाटतं संगणकाने केली. आजच्या अर्थाने नाही. बरीचशी कामं स्कॅनिमेट नावाच्या यंत्रावर व्हायची. ली हॅरिसन यांच्या डेन्व्हरच्या कंपनीने बनवलेलं, जगात मोजकीच यंत्रं होती. ते *ॲनलॉग*. अक्षरं काळ्या फिल्मवर पारदर्शक छापायची, मागून उजेड द्यायचा, कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र नळीवर घेऊन विजेच्या दाबाने ताणायचं, पिळायचं, वाकवायचं. बटणं फिरवाल तसं चित्र डोळ्यांदेखत हलायचं. प्रोग्राम लिहायचा नाही, तारा खोचायच्या. दुसरा मार्ग स्लिट-स्कॅन, म्हणजे बारीक फटीतून कॅमेरा पुढे-मागे सरकवत एकेक फ्रेम चित्रित करायची.

दोन्हीकडे काळी पार्श्वभूमी सोयीची, आणि वस्तू पुढे येताना दाखवणं सोपं नि नेत्रदीपक. @वाचनमात्र यांचा तिसरा मुद्दा त्यामुळे पटला. यंत्राला जे सहज जमत होतं त्यालाच मुलं घाबरत होती.

गोंयकार
हे सगळं वाचून एक विचारतो. आमच्याकडे प्रभातची तुतारी नाही का? कोल्हापुरात 1929 ला सुरू झालेली कंपनी, तुतारी फुंकणारी ती बाई आजही पाहिली की अंगावर काटा येतो.

पाटपाणी
आणि दूरदर्शनचं ते फिरत फिरत डोळा होणारं! सनईसारखं 'टूं ऊं ऊं'...

तळटीप
तो डोळा एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) शिकणाऱ्या देबाशिष भट्टाचार्य यांच्या रेखाटनातून आला. सुरावट पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. सनई'सारखं' नाही, सनईवालेच ते.

मधली सुट्टी
सकाळी शाळेच्या आधी ते लागायचं तेव्हा आजी नमस्कार करायची. तिला वाटायचं देवाचं काहीतरी आहे.

उत्तररात्र
अहो, धाग्यात पहिल्याच प्रतिसादाआधी लिहिलंय, *सुरुवातीचे नकोत*! तुतारी सुरुवातीला, डोळाही सुरुवातीला. दोन्ही लाडके आहेत, वेगळा धागा काढा, मी पहिला येतो. इथे अमेरिकेत राहू.

जुनाट
तर मग राहू अमेरिकेत. धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न 'हौस कशासाठी' हा आहे, आणि त्याचं उत्तर कुत्र्या-मांजरात शोधून मिळणार नाही. थोडं व्यवहाराचं बोलावं लागेल. चहा घेऊन बसा.

अमेरिकेत तेव्हा वाहिन्या तीन: एबीसी, सीबीएस, एनबीसी. मालिका स्टुडिओ किंवा स्वतंत्र निर्माता बनवायचा, वाहिनी दाखवण्याचा परवाना घ्यायची. परवान्याची रक्कम खर्चापेक्षा कमी. म्हणजे प्रत्येक भागामागे निर्माता तोट्यात. तो तोटा भरून कधी निघायचा? मालिका शंभरेक भागांपर्यंत टिकली, की तीच मालिका गावोगावच्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रसारणासाठी विकायची. सोमवार ते शुक्रवार, रोज एक भाग. खरा पैसा तिथे. ही वाट दाखवली लुसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांच्या 'देसीलू'ने. 'आय लव्ह लुसी' त्यांनी 1951 मध्ये फिल्मवर चित्रित केली, म्हणून ती पुन्हा पुन्हा दाखवता आली.

वाहिन्यांच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. मालिका दाखवायची तर आम्हाला पुढच्या विक्रीत वाटा द्या, म्हणायला लागल्या. 1970 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने नियम केला, ज्याला सगळे 'फिन-सिन' म्हणतात. बाहेरच्या निर्मात्याच्या मालिकेत वाहिनीने आर्थिक हिस्सा घ्यायचा नाही, आणि देशात पुनःप्रसारणाची विक्रीही करायची नाही. सीबीएसला आपला विक्रीविभाग वेगळा काढावा लागला. 1971 मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली. तिचं नाव वायकॉम. वर ज्याला पोरं घाबरत होती तो व्ही सरकारी नियमाच्या पोटी जन्मलाय! एबीसीचाही विभाग असाच बाहेर पडला, तो वर्ल्डव्हिजन.

आता एमटीएम 1969, 'ए-टीम'चा निर्माता कॅनेल आणि गोल्डबर्ग ऐंशीच्या आसपास. ही मंडळी याच काळात उभी राहिली. मालिका त्यांच्या मालकीची होती. रोज दुपारी गावोगावी ती लागणार, आणि दर वेळी शेवटी त्यांचं नाव येणार. स्वतःच्या घरावरची पाटी माणूस हौसेने करतो, भाड्याच्या खोलीला कोण करतं?

सिंहगडकर
@जुनाट, म्हणजे मी म्हटलं तेच. मालकीची पाटी. सही नव्हे.

जुनाट
मालकी असल्याशिवाय सही करता येत नाही, एवढंच म्हणतोय.

वाचनमात्र
आणि त्या वायकॉमने 2000 साली सीबीएसच विकत घेतलं ना? पोराने बापाला दत्तक घेतलं.

जुनाट
हो. मग 2006 मध्ये वेगळे राहायला गेले, 2019 मध्ये पुन्हा एकत्र आले, 2022 मध्ये नाव बदलून पॅरामाउंट झाले. आणि पॅरामाउंट टेलिव्हिजन म्हणजे मूळची देसीलू, 1967 मध्ये गल्फ अँड वेस्टर्नने विकत घेतलेली. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या वर्षाच्या भागांशेवटी देसीलूचं नाव आहे आणि तिसऱ्या वर्षी पॅरामाउंटचं, ते यामुळे.

तळटीप
इथेच माझा आवडता विषय येतो. कंपनी विकली जाते तेव्हा नवा मालक जुन्या मालिकेचा शेवटचा लोगो कापून आपला चिकटवतो. त्यामुळे त्याच भागाच्या वेगवेगळ्या प्रती पाहिल्या की इतिहास थरांनी दिसतो. 'बिविच्ड' घ्या. मूळ स्क्रीन जेम्स. 1974 ला नाव झालं कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजन. 1982 मध्ये कोलंबिया कोका-कोलाने घेतली, तर लोगोखाली चक्क 'कोका-कोला कंपनीचा घटक' अशा अर्थाची ओळ यायला लागली. शीतपेयवाल्यांचं नाव कोलंबियाच्या लोगोतल्या मशालधारी बाईच्या खाली! 1989 ला सोनी, मग नव्वदच्या दशकात कोलंबिया ट्रायस्टार, 2002 पासून सोनी पिक्चर्स टेलिव्हिजन. मालिकेत जादूगारीण नाक हलवून वस्तू बदलते, इथे वकिलांनी तेच केलं.

मिम्सीचं बघा. एमटीएम 1988 मध्ये टीव्हीएस या ब्रिटिश कंपनीने घेतली. टीव्हीएसने इंग्लंडातला आपला प्रसारणाचा परवानाच 1991 च्या लिलावात गमावला. मग 1993 मध्ये धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांची कंपनी, 1997 मध्ये फॉक्स, 2019 मध्ये डिस्ने. एवढे मालक बदलणारं मांजर म्हणजे कमालच. सिंहाची थट्टा करायला निघालं आणि उंदराच्या घरी जाऊन पडलं.

शेंगदाणा
शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या.

कोकणी मिरची
@तळटीप, हे चिकटवणं मला चोरीसारखं वाटतं. चित्राखालची चित्रकाराची सही पुसून गॅलरीवाल्याने आपली करावी तसं.

तळटीप
चोरी नाही, कायदेशीर मालक आहेत. पण डीव्हीडी काढताना जिथे मूळ लोगो परत लावतात तिथे लोक त्यासाठी आभार मानतात हेही खरं. चांगली प्रत म्हणजे शेवटपर्यंत मूळची प्रत, अशी त्यांची व्याख्या आहे.

पाटपाणी
टाइपरायटरवाला राहिला! 'ए-टीम', 'हंटर', 'ट्वेंटीवन जंप स्ट्रीट'. तो माणूस टाइप करतो, खर्रकन कागद ओढतो, हवेत भिरकावतो, कागद तरंगत जाऊन सी अक्षर होतो. तो नट कोण होता?

मधली सुट्टी
नट नाही, स्टीफन जे. कॅनेल स्वतः! लेखक-निर्माता. त्याला डिस्लेक्सिया होता, शाळेत पुन्हा पुन्हा नापास झालेला. तोच माणूस पुढे टीव्हीवरचा सर्वात भरभर लिहिणारा म्हणून ओळखला गेला, आणि लोगोत त्याने स्वतःला *लिहितानाच* दाखवलं. आयबीएमच्या टाइपरायटरवर. वर्षं गेली तशी दृश्यं नव्याने चित्रित केली. कपडे बदलतात, दाढी राहते, मागच्या फळीवर बक्षिसं वाढतात. सिंहगडकर, ही सही नसेल तर सही कशाला म्हणायचं?

सिंहगडकर
कॅनेल तुम्हाला दिला. कुत्राही दिला. बाकीचे माझ्याकडेच राहू देत.

यूमॅटिक
आता वाईट दिवसांबद्दल. 1994 मध्ये एनबीसीने ठरवलं की नावं सरकताना लोक वाहिनी बदलतात, तेव्हा ती जागा वापरायची. पडद्याचा मोठा भाग पुढच्या कार्यक्रमाच्या झलकीला, आणि नावं एका बाजूला आवळून बारीक अक्षरांत. बघता बघता सगळ्यांनी उचललं. आमच्या भाषेत 'स्क्वीझ मारणे'. मीही आयुष्यात पुष्कळ मारलेत, त्यामुळे शिव्या कोणाला घालणार. वाहिनीकडून सरळ आदेश यायचा, की शेवटचा रोलर, म्हणजे सरकणारी नावं, इतक्या सेकंदांत संपला पाहिजे. तिकडे नावांचा कचरा झाला. शीर्षकसंगीत गेलं. लोगो मात्र टिकले, कारण तेवढे शेवटचे सेकंद निर्मात्याच्या हक्काचे धरले जायचे.

जुनाट
आणि त्याच सुमाराला फिन-सिनही गेलं. 1993 मध्ये सैल केलं, 1995 मध्ये संपलं. त्याच वर्षी डिस्नेने एबीसी घ्यायचं जाहीर केलं. वाहिनी आणि स्टुडिओ एकाच छपराखाली आले. स्वतंत्र निर्माता जवळपास संपला. म्हणजे तेव्हापासून मालिका बहुतेकदा मोठ्या कंपनीची, आणि लेखक-निर्मात्याची छोटी संस्था तिच्याशी करारबद्ध.

कोकणी मिरची
पण मग @जुनाट, तुमचा सिद्धांत उलटा पडतो की! मालकी गेल्यावर पाटीची हौस संपायला हवी होती. 'ग्रर्र, आर्ग' 1997 चं आहे. जॉस व्हेडनची 'म्यूटंट एनिमी', 'बफी' या व्हॅम्पायरवाल्या मालिकेच्या शेवटी पडद्यावरून झोकांड्या खात जाणारं कागदी भूत, चित्र त्यानेच काढलेलं, आवाजही त्याचाच. एका हंगामाच्या दुःखी शेवटाला ते 'ग्रर्र'ऐवजी 'मला मिठी हवीय' म्हणतं, संगीतमय भागात गातं. जे. जे. अब्राम्सचा 'बॅड रोबोट' 2001 मध्ये 'एलियस'पासून. गवतातून धावत येणारा लाल यंत्रमानव, आवाज त्याच्या मुलांचे. सगळं फिन-सिन गेल्यावर!

आणि एकट्या 'बफी'च्या मागे लोगोंची रांग बघा. म्यूटंट एनिमी, कुझुई, सँडॉलर, मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स. त्यातल्या सँडॉलरमध्ये डॉली पार्टन भागीदार होती. हो, तीच, गाणारी.

पाटपाणी
डॉली पार्टन आणि व्हॅम्पायर. आज झोप लागणार नाही.

एडिसनकर
विनोदी मालिकांचा निर्माता चक लॉरी, त्याला विसरू नका. 1997 मध्ये 'धर्मा अँड ग्रेग'पासून तो शेवटी एक सेकंदभर पानभर मजकूर दाखवतो. वाचता येणं अशक्य. व्हीसीआरवर रेकॉर्ड करून थांबवायचं आणि टीव्हीला नाक लावून वाचायचं. कधी तत्त्वज्ञान, कधी घटस्फोटाची रडगाणी, कधी समीक्षकांना टोमणे. दर भागाला नवीन. 'बिग बँग थिअरी'पर्यंत शेकडो झाले. सीबीएसने काही कार्डं अडवली, तर याने ती आपल्या संकेतस्थळावर टाकली. घरी मी पॉज करून वाचत बसलो की बायको म्हणायची, दिवाळी अंकही एवढ्या आस्थेने वाचत नाहीस.

उत्तररात्र
मला यात उत्तर दिसायला लागलंय. @जुनाट आणि @कोकणी मिरची दोघंही बरोबर असू शकतात. सत्तर-ऐंशीत लोगो लावणारा मालिकेचा मालक होता, म्हणून मिम्सी, युबू, कॅनेल. नव्वदनंतर मालकी गेली, शीर्षकसंगीत गेलं, नावं आवळली. पूर्ण पडद्यावर, आवाजासकट, वाहिनीची ढवळाढवळ नसलेले एवढेच दोन सेकंद लेखकाच्या हातात उरले. मग सगळा खट्याळपणा तिथे गोळा झाला. लॉरीने तर तिथे वाहिनीशीच भांडण काढलं. मालक सही करतो आपल्या ऐटीत, आणि नोकरदार करतो ती कोपऱ्यात, पण जोर लावून.

जुनाट
हे पटलं. माझ्या उत्तराचा पुढचा अर्धा भाग तुम्ही लिहिलात.

सिंहगडकर
नेटफ्लिक्सचं काय मग? तिथे नावं सुरू होताच पुढचा भाग लागतो. लोगोपर्यंत पोहोचतंच कोण? 2015 पासून ते सुरुवातीलाच 'टुडुम' करतात, तेही स्वतःचं.

वाचनमात्र
नावं बघायची असतील तर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीवर टिचकी मारावी लागते. मी मारते. घरचे वैतागतात. परवा 'सिम्प्सन्स'चा हॅलोवीनचा भाग बघत होतो, मुलगी सातवीत आहे. ग्रेसी फिल्म्सचा लोगो आला. तुम्हाला माहीत असेल, अंधाऱ्या चित्रपटगृहात प्रेक्षकांची कुजबुज, एक बाई 'शू:' करते, सगळे गप्प. हॅलोवीनला 'शू:'च्या जागी किंकाळी असते आणि सुरावट ऑर्गनवर वाजते. ती म्हणाली, आई, मागे घे, आज वेगळा होता.

शेंगदाणा
कार्टून नेटवर्क कोणी काढलं नाही अजून? हॅना-बार्बेराचा तो फिरणारा तारा! 1995 नंतर आमच्या पिढीने शाळेतून येऊन दुसरं केलंय काय? तो मात्र मी बघितलाय, कारण दुपारी बाबा कचेरीत असायचे.

मधली सुट्टी
@शेंगदाणा, म्हणजे पाटी अगदीच कोरी नव्हती तर.

तळटीप
फिरणारा तारा 1979 चा. तेव्हाच्या शनिवारच्या कार्टूनांना तो चकचकाट फारच पुढचा होता. हॅना-बार्बेरा 1991 मध्ये टर्नरकडे गेली, म्हणून तर तुम्हाला भारतात दुपारभर ती कार्टूनं मिळाली. टर्नरचीच वाहिनी. लोगो वाचला की मालकी कळते, हे पुन्हा एकदा.

गोंयकार
तुतारीचा धागा काढलाय. सुरुवातीचे सगळे तिकडे या. दूरदर्शनच्या डोळ्यावरून दोन प्रतिसादांतच भांडण लागलंय.

पाटपाणी
तिकडेही पहिला मीच.